"मॅडम, हे घर गेलं तर आम्ही कायमचे बाहेर"

गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की जोडपं खुर्चीत बसायच्या आधीच मला अंदाज येतो. आत्ता नाही घेतलं तर कधीच जमणार नाही. शहरातलं तर सोडूनच दिलं होतं, पण शहराबाहेरच्या ज्या भागात परवडेल असं वाटत होतं तिथेच आता सगळे धावतायत, एकेका घरामागे दहा गिऱ्हाईकं, आणि आपण भाड्याच्या घरात बसून भाव वर जाताना बघतोय. मी एजंट नाही, सीए नाही, जोडप्यांचं समुपदेशन करते. पण खरं सांगू का, घर घ्यायचं की थांबायचं यावरून जितकी भांडणं माझ्या खोलीत झालीत तितकी नातेवाईकांवरून पण झाली नसतील.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीतले दोघं, दोघांनाही नोकरी, चार वर्षांची मुलगी. आले ते "हल्ली आमचं बोलणंच होत नाही" म्हणून, घराचा विषय फॉर्मवर कुठेच नव्हता. पण तिने आल्या आल्या फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दर दोन मिनिटांनी उचलून बघायची. कोणाचा फोन यायचाय का म्हणून विचारलं तर म्हणाली, नाही हो, नवीन घर लिस्ट झालं की अलर्ट येतो, अर्धा तास उशीर झाला तरी गेलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मग हळूहळू बाहेर आलं. अकरा महिन्यांत चाळीसेक घरं बघितली होती, पाचांवर ऑफर दिली होती, पाचही गेली. एक अगदी थोडक्यात, एकाला समोरच्याने सगळे पैसे एकदम द्यायची तयारी दाखवली, एका मालकाने हो म्हणून दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला, बाकीच्या दोघांचं कारणच कळलं नाही. "दर वेळी माझे मनात पडदे लावून झालेले असतात," ती म्हणाली. चौथ्या घराच्या वेळी तर मुलीला सोबत नेलं आणि ही तुझी खोली म्हणून दाखवली. ते घर गेल्यावर मुलगी आठवडाभर विचारत होती, आपल्या खोलीत कधी जायचं.

आणि आता सहावं घर. मालकाने सांगितलेल्या किमतीच्या १२ टक्के वर जायचं, घराची तपासणी करून घ्यायची नाही, उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं, अजून तीन पार्ट्या रांगेत आहेत. (या तीन पार्ट्या कायम रांगेत असतात. असतीलही खऱ्या, मी कशाला शंका घेऊ, पण दोन किंवा चार असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.) तिला घ्यायचंच होतं. त्याचं म्हणणं, मला काही सुचत नाहीये.

इथे माझं चुकलं ते आधी सांगते. मला वाटलं पैशांचं चित्र स्पष्ट नाहीये म्हणून वाद होतायत, ते स्पष्ट केलं की निम्मं भांडण मिटेल. म्हटलं आकडे मांडू. त्याच्या लॅपटॉपवर शीट तयारच होती. कर्ज २० वर्षांचं आणि व्याज ९ टक्के धरलं तर घेतलेल्या शंभराचे शेवटपर्यंत जवळपास २१६ भरायचे, हे दोघांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. पहिल्या हप्त्यातला ८३ टक्के भाग नुसत्या व्याजात जातो, पाच वर्षं निमूट हप्ते भरले तरी मूळ कर्ज जेमतेम ११ टक्के फिटतं, आणि अर्धी मुदत, म्हणजे दहा वर्षं संपली तरी ७१ टक्के डोक्यावर असतंच. त्यांचं कर्ज फ्लोटिंग रेटचं, म्हणजे मधेच व्याजदर वरखाली होऊ शकणारं, होणार होतं म्हणून मी विचारलं, रेट एक टक्का वाढला तर? तो म्हणाला, हप्ता थोडा वाढेल. म्हटलं आणि हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली तर? त्याने आकडा बदलला आणि गप्प झाला. २० ची २६ वर्षं झाली होती. सव्वासहा वर्षं म्हणा, मुलीच्या वयापेक्षा जास्त.

मला वाटलं आता काहीतरी हलेल. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "पटलं. तरी घेऊया."

त्या "तरी"ने माझी ट्यूब पेटली. माणसाला गणित कळत नसतं तेव्हा तो गणितावर वाद घालतो. ही वादच घालत नव्हती. मग मी शीट बंद करायला लावली आणि विचारलं, समजा उद्या ते घर तुमचं झालं, सह्या झाल्या, तर पहिलं काय वाटेल? ती एका सेकंदात म्हणाली, "सुटलो." त्याच्याकडे बघितलं तर त्याचंही तेच, "संपलं एकदाचं."

दोघांपैकी एकानेही घराबद्दल काही म्हटलं नव्हतं. ना उजेड, ना शांतता, ना मुलीची शाळा. मी विचारलं, त्या घराचं स्वयंपाकघर कसंय? ती सांगायला लागली, मोठी खिडकी, बाहेर झाड, आणि मधेच तो म्हणाला, अगं ते झाड चौथ्या घराचं.

माझ्याकडे येणारी बरीच जोडपी इथेच अडकलेली असतात. सुरुवातीला घर हवं असतं, दोनचार नकार पचवल्यावर शोध संपायला हवा असतो, आणि हा बदल कधी झाला ते कळत नाही कारण वरून दोन्ही सारखंच दिसतं, तेच अलर्ट, तेच रविवार, त्याच चकरा. शोधाला कंटाळलेल्या माणसाला कुठलंही घर चालतं, फक्त "हो" ऐकायला मिळालं पाहिजे. आणि झालेल्या नकारांचा हिशोबही नवीन घराच्या डोक्यावर बसतो, एवढे अकरा महिने घालवले, आता रिकाम्या हाताने परतायचं का. ते अकरा महिने तर गेले, सहावं घर घेतलं तरी गेले आणि सोडलं तरी गेले, पण हे वरून समजावून पटत नाही. मला स्वतःला पटत नाही, न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडताना सुद्धा जीव वरखाली होतो.

चढाओढीच्या बाजारात यात अजून एक गंमत आहे, वाईट अर्थाने गंमत. १९७१ मध्ये तेलाच्या धंद्यातल्या तीन इंजिनिअरांनी एक निबंध लिहिला होता, तेलक्षेत्रांच्या लिलावात बोली जिंकणाऱ्या कंपन्यांना पुढे अपेक्षेइतका फायदा का होत नाही यावर. कारण साधं निघालं. जमिनीखाली तेल किती याचा प्रत्येकाचा अंदाज थोडा चुकलेला, कोणाचा कमी कोणाचा जास्त, आणि लिलाव कोण जिंकणार तर ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त वर गेलाय तोच. बोली लावणारे जितके जास्त तितकी जिंकणाऱ्याची चूक मोठी असायची शक्यता जास्त. घराचं अगदी तसंच नाही, तुम्हाला तिथे राहायचंय, समोरच्या टेकडीसाठी तुम्ही जास्त मोजलेत तर तो तुमचा आनंद. पण इतकं लक्षात ठेवायला हरकत नाही की दहा जणांमध्ये तुम्ही जिंकलात म्हणजे बाकीच्या नऊ जणांना ते घर तेवढ्याला नको होतं. हे मी त्यांना सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. म्हणजे आपण पाच वेळा वाचलो, म्हणाला. ती नाही हसली.

ती का हसली नाही ते पुढच्या तासाभरात कळलं. लहानपणी तिने सात घरं बदलली होती, दर वेळी मालकाच्या मर्जीने, दर वेळी शाळेच्या मध्यावर. आणि त्याच्या वडिलांनी झेपत नसताना घर घेतलं होतं, महिनाअखेरीला घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही हा अलिखित नियम. हे दोघांना एकमेकांचं माहीत होतं बरं का, आठ वर्षं झाली लग्नाला, पण घराच्या चर्चेत ते कधी आलंच नव्हतं. तो "थांबूया" म्हणायचा तेव्हा तिला ऐकू यायचं की माझ्या मुलीने पण शाळा बदलत फिरावं, आणि ती "घेऊया" म्हणायची तेव्हा त्याला ऐकू यायचं की तू तुझ्या बाबांसारखा हो. कसं बोलणं होणार मग.

उद्या संध्याकाळची मुदत होती म्हणून शेवटी दोघांनी थेट विचारलं, मॅडम तुम्ही काय केलं असतं? हे सगळेच विचारतात आणि मी सांगत नाही, हप्ता मी भरणार नाहीये. मी दोन कागद दिले. म्हटलं एकमेकांना न दाखवता लिहा, या भागात, या आकाराच्या घराला, जास्तीत जास्त कितीपर्यंत गेलात तर महिनाअखेरीला घरात मोठ्याने बोलता येईल. त्यांना वाटलं आकड्यांत जमीनअस्मानाचा फरक निघणार, मलाही वाटलं. कागद उलगडले तर फरक २ टक्क्यांचा. तिचाच आकडा कमी होता. आणि सहाव्या घराची किंमत दोन्ही आकड्यांच्या बरीच वर होती.

ती रडली. माझ्या समोर एजंटला फोन करून नको म्हणाली, मग परत रडली. तिच्या जागी मी असते तर मीही रडले असते.

पुढचे सहा आठवडे अलर्ट बंद ठेवायचे असं ठरलं, ते तिला फार जड गेलं. पण त्याच काळात एक काम सुरू केलं जे मी आता सगळ्यांना सांगते. घर घेतल्यावर हप्ता अधिक मेंटेनन्स अधिक कर असे मिळून महिन्याला जेवढे जाणार, त्यातून आत्ताचं भाडं वजा करा आणि उरलेली रक्कम एक तारखेलाच वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावायचा नाही. चार महिने असं जगून बघा. जमलं तर डाउन पेमेंट वाढलं, नाही जमलं तर घर न घेता कळलं. यांचं दुसऱ्याच महिन्यात फसलं, मुलगी आजारी पडली, पाळणाघराचा खर्च वाढला, आणि कागदावरचा आकडा अजून खाली आणावा लागला. त्याला वाईट वाटलं. मला उलट हायसं वाटलं.

दुसरं म्हणजे रविवारी घर बघून निर्णय घ्यायचा नाही. रविवारी कुठलाही भाग छान दिसतो, रस्ते मोकळे, लोक निवांत. सोमवारी सकाळी तिथून ऑफिसला जाऊन बघा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक तुकडा आठवून कसं वाटत होतं ते लिहायला लावलं होतं, त्यात सगळ्यात तळाला सकाळचा ऑफिसला जायचा प्रवास होता, घरकामाच्याही खाली. यांनी एका सोमवारी करून बघितलं आणि यादीतला एक अख्खा भागच खोडला, ज्या भागासाठी दोन ऑफर दिल्या होत्या.

आता मूळ भीतीबद्दल, कारण मी ती टाळतेय असं वाटायला नको. थांबलं की भाव हातातून जाऊ शकतात, हो, जातात, माझ्याच ओळखीत गेलेत आणि त्यांना हळहळ आहे. भाव उतरतातही, आणि त्याचं गणित कोणी सांगत नाही: स्वतःचे २० टक्के घालून घर घेतलंत आणि किंमत १० टक्क्यांनी उतरली तर तुमचे स्वतःचे जे पैसे होते त्यातले अर्धे कागदावर गेले. पण विकायचंच नसेल तर त्या कागदाला काय करायचंय? म्हणून भाव कुठे जाणार यापेक्षा मी विचारते, तुम्ही इथे किती वर्षं राहणार? दोनतीन वर्षांत बदलीची शक्यता असेल, दुसऱ्या मुलाचा विचार असेल, नोकरी डळमळीत असेल, तर घेण्याविकण्याचा खर्चच इतका होतो की भाडं बरं वाटतं. दहा वर्षं हलायचं नाहीये अशी खात्री असेल तर थोडं जास्त मोजलं तरी ते पचतं. आणि भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे ऐकलं की मला राग येतो. पहिल्या हप्त्यातले ते ८३ टक्के कुठे जातात मग?

चौथ्या महिन्यात त्यांनी परत एका घराला ऑफर दिली. त्यांच्या आकड्याच्या किंचित वर गेलं ते. रात्री तिचा मेसेज आला, "गेलं. दोघांनी एकदमच नको म्हटलं. जेवलो आणि झोपलो."

अजून घर घेतलेलं नाहीये त्यांनी. आहे त्या मालकाशी बोलून दोन वर्षांचा करार केलाय आणि त्याची परवानगी काढून मुलीच्या खोलीची एक भिंत रंगवलीय, रंग मुलीनेच निवडला, भयानक आहे म्हणे. महिन्यातून दोनदा घरं बघायला जातात. परवा मी तिला विचारलं, अलर्ट परत चालू केलेस का गं? म्हणाली, केलेत, पण त्याच्या फोनवर.