राजाच्या वाढदिवसाला ॲमस्टरडॅममध्ये

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवेनला राहतो. आम्ही दोघं (मी 67, ही 62) 25 एप्रिलला पोहोचतोय, 8 मेपर्यंत मुक्काम. 27 तारखेला तिथे राजाचा वाढदिवस, म्हणून राष्ट्रीय सुट्टी. मुलगा म्हणतो, त्या दिवशी घरीच बसा, शहरात पाय ठेवायला जागा नसते. मला मात्र आपल्या 26 जानेवारीसारखी परेड बघायची आहे, जमलं तर राजाही. कालव्यातली बोटीची फेरी त्याच दिवशी बुक करावी का? हिचे गुडघे दुखतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, मुलाचं अर्धंच ऐका. जा, पण सकाळी जा आणि जेवायच्या वेळेला घरी या. दुपारनंतर शहराच्या मध्यात बिअरचे डबे, कर्कश गाणी आणि पंचविशीतली पोरं एवढंच उरतं.

परेडचं डोक्यातून काढून टाका. रणगाडे नाहीत, चित्ररथ नाहीत. राजा विलेम-अलेक्झांडर तर बहुतेक वर्षी त्या दिवशी ॲमस्टरडॅममध्ये नसतोच. दरवर्षी कुटुंबकबिला घेऊन वेगळ्या गावी जातो : 2023 ला रॉटरडॅम, 2024 ला एमेन, 2025 ला डोटिन्केम. तो टीव्हीवर बघा. जुन्या गाईडबुकात 30 एप्रिल ही तारीख सापडेल, ती राणीच्या दिवसाची. 2013 मध्ये बेआट्रिक्स राणी पायउतार झाली, मुलगा गादीवर आला आणि पुढच्या वर्षापासून तारीख बदलली. 27 ला रविवार असेल तर 26 लाच साजरा करतात.

मग बघायचं काय? बाजार! त्या दिवशी कुणीही, परवान्याशिवाय, रस्त्यावर पथारी पसरून घरातलं जुनं सामान विकू शकतो. कपबशा, दिवे, स्केट्स, आजोबांचे टाय. आपण एसटीच्या सीटवर रुमाल टाकतो, तसं हे लोक आधीपासून फुटपाथवर खडूने नाहीतर चिकटपट्टीने चौकोन आखून जागा धरतात. व्होंडेलपार्क हा मोठा बगीचा त्या दिवशी फक्त मुलांच्या दुकानदारीसाठी. मी तिथे राहत होते तेव्हा एका सात-आठ वर्षांच्या मुलीकडे जिगसॉचं खोकं बघितलं. वर पेन्सिलीने लिहिलेलं : एक तुकडा नाही, अर्धा युरो. मी सवयीने घासाघीस सुरू केली, तर म्हणाली, ‘तो तुकडा किमतीतून वजा केलाय.’ पलीकडे एक बाप फळीच्या भोकातून तोंड काढून उभा होता आणि लोक पैसे मोजून त्याच्यावर अंडी फेकत होते. बाप हसत होता. पोरगा गल्ला मोजत होता.

आता जायचं कसं. शहराच्या मध्यात त्या दिवशी ट्राम आणि बस चालत नाहीत, मेट्रो चालते. तुम्हाला मध्यात जायचंच नाहीये. ॲमस्टलवेनहून 25 नंबरची ट्राम झाउद स्टेशनपर्यंत येते (आदल्या दिवशी मुलाला ॲपवर वेळा बघायला सांगा). तिथून मिनर्व्हालान या रुंद, सपाट रस्त्याने चालत अपोलोलानला पोहोचाल. तिथेही बाजार भरतो, आणि मंडळी जरा खात्यापित्या घरची असल्याने वस्तू बऱ्या मिळतात. काकूंचे गुडघे तेवढ्यावर बोलायला लागले तर तिथूनच परत फिरा, काही बिघडत नाही. चालवलं तर पुढे व्होंडेलपार्क. डॅम चौक आणि योर्दानच्या चिंचोळ्या गल्ल्या त्या दिवशी नको.

सुटे युरो भरपूर ठेवा. तिथली माणसं आपापसात फोनवरून पैसे देतात, पण ते ॲप तिथल्या बँकखात्याशिवाय चालत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : बाथरूम. रस्त्यावरची कितीतरी घरं त्या दिवशी आपला संडास भाड्याने देतात, दारावर पाटी लावून. लाजू नका. फक्त जिना आधी बघून घ्या, डच जिने म्हणजे शिडीच.

नारंगी काहीतरी अंगावर हवं, कारण राजघराण्याचं नावच ‘ओरान्ये’. काकूंची नारंगी ओढणी पुरेल, पण आत स्वेटर घाला. एप्रिलमध्ये बारा-पंधरा अंश म्हणजे तिथे ऊन पडलं म्हणतात. खायला ‘टोमपूस’ मिळतो, एरवी गुलाबी आयसिंगचा, त्या दिवशी नारंगी. आत घट्ट कस्टर्ड असतं, तेव्हा अंडं चालत नसेल तर लांब राहा. दातांनी चावायला गेलात की कस्टर्ड दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. त्यावर डच लोकांनाही उपाय सापडलेला नाही.

बोट 27 ला अजिबात नको. कालवे नाचणाऱ्या बोटींनी तुंबलेले असतात आणि नेहमीच्या फेऱ्या बहुतेक बंद. 29 नाहीतर 30 ची सकाळची घ्या.

आणि खरं सांगू? 27 चुकली तरी 4 मे चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धापासूनच्या मृतांचं स्मरण त्या दिवशी असतं. रात्री आठला देशभर दोन मिनिटं सगळं थांबतं. राजा-राणी डॅम चौकातल्या स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. चौकात गर्दी होते, त्यामुळे ॲमस्टलवेनच्याच कार्यक्रमाला जा, प्रत्येक गावात असतो. मोबाईल बंद करायला मात्र विसरू नका. दुसऱ्या दिवशी, 5 मेला, 1945 च्या मुक्तीचा दिवस, तेव्हा पुन्हा गाणीबजावणी.

गुडघ्यांसाठी घडीचं स्टूल इथून नेऊ नका. सकाळी नऊला पोहोचलात तर पथाऱ्यांवरच एखादं दिसेल, दोन-तीन युरोत पटेल. येताना मुलाकडे ठेवून या, बॅगेतल्या किलोंची गरज चीजला लागणार आहे.