लोकसंख्या जास्त टांझानियाची, मग परदेशातून येणारा पैसा केनियालाच जास्त कसा?

मी केनियात नैरोबीला साडेतीन वर्षं नोकरीला होतो आणि दर एक-दोन महिन्यांनी टांझानियात दार-ए-सलामला चक्कर असायची, त्यामुळे तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, टांझानियात २०२२ च्या जनगणनेत ६ कोटी १७ लाख माणसं, केनियात २०१९ ला ४ कोटी ७६ लाख. आणि बाहेरदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा बघा, केनियाच्या सेंट्रल बँकेच्या हिशोबाने २०२३ मध्ये ४.१९ अब्ज डॉलर आले, २०२४ ला तर पाच अब्जाच्या जवळ गेले, टांझानियाचा आकडा मात्र एक अब्जाच्या आतच.

बरेच जण म्हणतात की केनियाने २०१० च्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व दिलं आणि टांझानिया देत नाही म्हणून असं. मला हे फारसं पटत नाही. अहो, आपणही देत नाही, तरी जगात सगळ्यात जास्त पैसा भारतातच येतो!

खरी गोष्ट म्हणजे बाहेर गेलं कोण आणि कुठे. १९५९ पासून केनियाचे कामगार पुढारी टॉम म्बोया यांनी विमानं भरभरून पोरं अमेरिकेतल्या कॉलेजांत पाठवली, एकदा काका गेला की मागून पुतण्या जातो, भाची जाते, हे आपल्याला काय वेगळं सांगायचं. आजही केनियात येणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेतून येतो. त्यात शाळेत इंग्रजी पक्कं, नर्सेस इंग्लंडला, घरकामाला बायका सौदीला. टांझानियात पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर समाजवादाची वाट धरली, सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, देश म्हणून त्याने एकी छान झाली पण बाहेर पडणारी माणसं कमीच राहिली.

आता आकड्यातली गंमत. आमच्या बिल्डिंगच्या गेटवरचा अस्कारी, म्हणजे वॉचमन, दर शनिवारी समोरच्या हिरव्या टपरीत जाऊन गावाला काकामेगाला एम-पेसा करायचा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायचा. हे तुमच्या आकड्यात शून्य, कारण देशातल्या देशात. आपल्याकडे मुंबईचा गिरणी कामगार रत्नागिरीला मनीऑर्डर करायचा ना, तसंच. त्याची बहीण सौदीला होती, तिचे पैसे आले की मेसेज टुंग करून वाजायचा, गडी हसत मोबाईल मला दाखवायचा, ते पैसे मात्र धरले जातात. आणि तिसरा प्रकार, त्याचा मेव्हणा टांझानियात अरुशाला गॅरेजमध्ये होता, तो दोन देशांमधल्या नामांगा बॉर्डरवरून येणाऱ्या शटल बसच्या ड्रायव्हरकडे पाकिटात नोटा द्यायचा, पाकिटावर फक्त नाव आणि फोन नंबर. देश ओलांडून आलेला पैसा, पण कुठल्याच बँकेच्या कागदावर नाही. असला रोख व्यवहार दोन्हीकडे चालतो, पण केनियात बँका आणि मनी ट्रान्सफरवाले यांच्याकडून दर महिन्याला आकडे गोळा होतात, सवय झालीय, एम-पेसाही २००७ पासून आहे त्यामुळे परदेशातला पैसा थेट मोबाईलवर पडतो. म्हणून दोन देशांतली दरी दिसते त्यापेक्षा थोडी कमी असावी असं माझं मत, पण पार मिटेल इतकीही नाही.

तुम्ही तुलना करणार असाल तर नुसते डॉलर नका बघू, जीडीपीशी ताडून बघा, केनियात चार टक्क्यांच्या आसपास येतं, टांझानियात साधारण एक टक्का. आणि शिलिंगमध्ये तर अजिबात बघू नका, दोघांचं चलन शिलिंगच पण वेगवेगळं, शिवाय २०२४ च्या सुरुवातीला केनियाचा शिलिंग डॉलरला १६० पर्यंत घसरला आणि काही महिन्यांत १३० च्या आसपास परत आला. बहीण तेवढेच पैसे पाठवत असली तरी घसरणीत आमच्या वॉचमनच्या हातात जास्त पडत असणार, फक्त घसरणीत बाहेरून येणाऱ्या वस्तूही महागतात.