जावयांच्या डार्क सेझॉनला मार्क किती?

प्रश्न : सध्या आम्ही दोघं अमेरिकेत मुलीकडे आलो आहोत, मिशिगन राज्यात. जावई गॅरेजमध्ये स्वतः बिअर करतात. या खेपेला त्यांनी ‘डार्क सेझॉन’ केली आहे आणि ती हौशी मंडळींच्या स्पर्धेला पाठवायची आहे. “बाबा, आधी तुम्ही चाखा आणि मार्क द्या,” म्हणून पन्नास मार्कांचा छापील कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी आजवर प्यायलो ती फ्रिजमधली थंडगार लागर. ही बिअर दिसायला काळपट, फेस भरपूर, वास थोडा लवंगेचा. रंग बघून वाटलं गोडसर असेल, तर गोडाचा पत्ता नाही, अगदी कोरडी. शेवटी जिभेवर जरा करपट चव राहिली. ही चांगली म्हणायची की बिघडलेली? जावयांना खोटं सांगायचं नाही आणि उगाच नाउमेदही करायचं नाही.
— एक वाचक, सांगली (सध्या मुक्काम मिशिगन)

उत्तर : पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही आधी चव सांगितलीत आणि मत नंतर विचारलंत. परीक्षकानं हेच करायचं असतं. तुमच्या चार ओळींत मार्क देण्यापुरता बहुतेक सगळा मजकूर आहे.

आधी गोडाचं बघू. सेझॉन ही बेल्जियमच्या दक्षिणेकडची, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियाची बिअर. तिथल्या एनो प्रांतात शेतावरच थंडीत बिअर करून ठेवायची आणि उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या मजुरांची तहान तिच्यावर भागवायची, अशी तिची कुळकथा सांगतात. तूर्प गावची ब्रासरी द्युपाँ आजही शेतघरातच आहे. १९२० पासून ती द्युपाँ घराण्याकडे आहे आणि तिची ‘सेझॉन द्युपाँ’ ही ६.५ टक्क्यांची बिअर जगभरचे लोक या प्रकाराचा नमुना म्हणून समोर ठेवतात. ती सोनेरी, खळाळत्या फेसाची आणि ठणठणीत कोरडी आहे. उन्हातून आलेल्याला गोड, जड पेय चालत नाही. दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे. तेव्हा तुमच्या जावयांच्या बिअरमध्ये गोडाचा पत्ता नाही, यासाठी त्यांना मार्क द्यायचे, कापायचे नाहीत.

हा कोरडेपणा येतो यीस्टमधून. नेहमीचं बिअरचं यीस्ट मॉल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, साधी साखर खातं आणि डेक्स्ट्रिन नावाच्या मोठ्या साखळ्या तशाच सोडून देतं. बिअरच्या अंगाला भरीवपणा, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, येतो तो त्यामुळे. सेझॉनच्या बऱ्याच यीस्टमध्ये या साखळ्या तोडणारं एन्झाइम असतं. त्यामुळे ते महिनाभर सावकाश खात राहतं आणि शेवटी फारसं काही उरत नाही. जावयांना ‘फायनल ग्रॅव्हिटी किती आली?’ एवढं विचारा. आंबणं संपल्यावर बिअर पाण्याच्या तुलनेत किती घन उरली, त्याचा हा आकडा. १.००२ ते १.००८ म्हणाले तर उत्तम. १.०१४ म्हणाले तर आंबणं मध्येच अडलंय, आणि मग बाटल्या पाठवायची घाई नको. हे यीस्ट बाटलीतही काम चालू ठेवतं. झाकण उघडताच निम्मी बिअर टेबलावर येते, कधी काचही फुटते. बाटलीबंद करण्याआधी आठवडाभराच्या अंतरानं दोन वेळा तोच आकडा आला होता का, हेही विचारा.

आता करपटपणा. तुमच्या पत्रात खरा प्रश्न तोच आहे.

रंग गडद करायचे मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे म्युनिक, स्पेशल बी अशी मॉल्ट, ज्यांतून ब्रेडच्या पापुद्र्याचा, मनुकांचा, अंजिराचा स्वाद येतो. दुसरा म्हणजे चॉकलेट मॉल्ट, ब्लॅक मॉल्ट यांसारखी थेट भाजलेली मॉल्ट. यांतून कॉफी, कडू कोको आणि करपलेल्या भाकरीच्या काठाची चव येते. स्टाउट या काळ्या, दाट बिअरमध्ये ही भाजकी चव खपून जाते, कारण तिथं खाली उरलेली गोडी आणि अंगाचा भरीवपणा तिला सांभाळून घेतो. सेझॉनमध्ये खाली काहीच नाही. यीस्टनं सगळं खाल्लेलं, वर भरपूर कार्बन डायऑक्साइड. अशा उघड्या जागी दोन चिमटी जास्तीचं काळं मॉल्टही घशाशी टोचतं. डार्क सेझॉन करणं अवघड जातं ते इथंच. तुमच्या जावयांनी अवघड पेपर निवडला आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मग मार्क कापायचे की नाही? घोट गिळल्यावर थांबा. करपट चव कोकोच्या कडवटपणासारखी येऊन विरून गेली आणि मागं मिरी, लवंग, संत्र्याची साल असं काही पुन्हा वर आलं, तर ती बिअरच्या बाजूची आहे. जिभेच्या मागच्या भागाला चिकटून राहिली, तोंड राखेसारखं कोरडं पडलं, पाणी प्यावंसं वाटलं, तर चवीच्या वीस मार्कांतले चार-पाच बिनधास्त कापा आणि शेजारी कारण लिहा. कारण न लिहिता कापलेल्या मार्काचा बिअर करणाऱ्याला काहीच उपयोग नसतो.

चाखण्याची रीत आता सांगते. बाटली फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा. लागरच्या सवयीनं बर्फगार प्याल तर वास झोपलेलाच राहील. सेझॉन ८ ते १२ अंशांवर बोलायला लागते. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास नसेल तर वाइनचा घ्या, पण अर्धाच भरा. बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका असतो, तो हलू देऊ नका. ओतल्या ओतल्या आधी नाक लावा, कारण नाजूक वास पहिल्या मिनिटातच उडतात. काय आलं ते लगेच कागदावर लिहा. मग रंग-फेस. मग घोट, आणि तो गिळायचा. वाइनवाले थुंकतात, बिअरचे परीक्षक थुंकत नाहीत. कडवटपणाचा आणि शेवटाचा हिशेब गिळल्यावरच लागतो. जेवणाआधी चाखा, आणि त्याआधी तासभर चहा, तिखट, लोणचं काही नको.

तुमच्या हातातला कागद बहुधा अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमचा असणार. त्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० मार्क असतात. दिसण्याला फक्त तीन, हे लक्षात घ्या. डार्क सेझॉनसमोर बसल्यावर नवखे लोक रंगावर अडतात. किती काळी, तपकिरी की तांबूस, यावरच अर्धा वेळ जातो. उजेडाकडे धरून बघा, कडेला लालसर छटा दिसली आणि फेस टिकला, तर तीनपैकी तीन द्या आणि पुढं व्हा.

गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर अशीच एक डार्क सेझॉन होती. ब्रुअरीचं नाव सांगत नाही, कारण पुढची तक्रार तिच्यावर आहे. वासाला सुरुवातीला काळी मिरी, मागून सुक्या अंजिराचा वास, आणि ग्लास हातात गरम झाल्यावर ओल्या मातीचा हलका स्पर्श. मी बारापैकी दहा दिले. घोट घेतला तर पुढून मनुका, मधे लवंग, आणि शेवट सुरीनं कापल्यासारखा स्वच्छ. पण फेस दोन मिनिटांत बसला आणि अंग मरगळलेलं लागलं. सेझॉनमध्ये बुडबुडे जिभेला टोचले पाहिजेत. कोरडी आणि त्यातून सपाट बिअर पाणचट वाटते. स्पर्शाला पाचपैकी दोनच दिले आणि एकूण मार्क ३६ वर थांबले. त्या कागदाच्या हिशेबानं ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’ आणि ३८ पासून वर ‘उत्कृष्ट’. ती बिअर फक्त वायू कमी पडल्यामुळे वरच्या पायरीवर गेली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

लवंगेच्या वासाबद्दल तुम्ही साशंक दिसता. तो यीस्टनं तयार केलेल्या फिनॉल नावाच्या रसायनांचा आहे आणि इथं हवाच. मात्र लवंगेऐवजी औषधी पट्टीचा, दवाखान्याचा वास आला तर पाण्यातल्या क्लोरीननं घोळ केलाय. उकडलेल्या मक्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, नेलपॉलिशचा वास हेही दोष. शब्द साधे असले तरी तसेच लिहा, परीक्षकही हेच शब्द वापरतात.

तुमच्या वर्णनावर मी आंधळेपणानं मार्क दिले असते तर ३२ ते ३५ च्या मधे. जावयांना दोन गोष्टी सांगा. पुढच्या खेपेला काळं मॉल्ट बाकीच्या मॉल्टबरोबर सुरुवातीपासून न भिजवता शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालावं, किंवा टरफल काढलेलं काळं मॉल्ट घ्यावं. जर्मनीतल्या बांबेर्गच्या वायरमान कंपनीचं ‘कॅराफा स्पेशल’ त्यासाठीच असतं. रंग तोच येतो, टोचणी कमी होते. दुसरं, प्रवेशपत्रावर ‘डार्क’ हा रंग आणि टेबल (सौम्य), स्टँडर्ड (नेहमीची) की सुपर (कडक) ही ताकद न विसरता लिहावी. या प्रकारात ते लिहिणं बंधनकारक आहे, आणि न लिहिल्यास परीक्षक सोनेरी सेझॉनची अपेक्षा धरून बसतो.

नाउमेद होण्याची भीती मनात ठेवू नका. गॅरेजमध्ये दीड महिना राबलेल्या माणसाला सासऱ्यांनी ‘छान आहे’ म्हणण्यापेक्षा ‘शेवटी करपट लागली, पण कोरडेपणा अगदी बरोबर साधलाय’ असं लिहून दिलेलं जास्त आवडेल.

प्रश्न : मी मोबाइलवरच्या ॲपवर प्रत्येक बिअरला पाचपैकी तारे देतो. माझ्या यादीत दाट, गोड स्टाउटला नेहमी सव्वाचार-साडेचार आणि सेझॉनला साडेतीनच. माझी जीभ चुकते आहे का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : जीभ चुकत नाही. ॲपवर तुम्ही ‘मला किती आवडली’ याचे तारे देता, आणि जास्त अल्कोहोलची, गोड, भरगच्च बिअर पहिल्याच घोटात मन जिंकते. जगभरच्या लोकांचं असंच होतं. अशा याद्यांत वरच्या जागा बहुतेक दणकट स्टाउटच धरून असतात. सेझॉनची परीक्षा पहिल्या घोटावर होत नाही. ग्लास निम्मा झाल्यावर, बिअर थोडी उबदार झाल्यावर तारे द्या. तोवर आकडा मनातही आणू नका. मी स्वतः वहीत दोन आकडे लिहिते, एक ‘आपल्या प्रकारात कितपत उतरली’ आणि दुसरा ‘मला पुन्हा घ्यावीशी वाटते का’. दोन्हींत फरक पडला की त्या बिअरबद्दल आणि आपल्या आवडीबद्दल बरंच कळतं. डार्क सेझॉन चाखताना तर मनातून स्टाउट काढूनच टाका. काळा रंग दिसला की जीभ गोडाची वाट बघते, आणि मिळाली नाही की विनाकारण एक तारा कमी होतो. खात्री करायची तर घरच्या कुणाला तरी अपारदर्शक पेल्यात ओतून द्यायला सांगा.

प्रश्न : परदेशातून आणलेल्या हिरव्या बाटलीतल्या सेझॉनला रबर जळल्यासारखा उग्र वास आला. मुदत संपली नव्हती. टाकून दिली, बरोबर केलं ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बरोबर केलंत, पण दोष बिअर करणाऱ्याचा असेलच असं नाही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधल्या कडवट घटकांवर उजेड पडला की ते मोडतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. अतिशय थोड्या प्रमाणातही ते नाकाला झोंबतं. उन्हात काही मिनिटंसुद्धा पुरतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही दिवस. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी फारच कमी. हिरवी बाटली घ्यायचीच असेल तर कपाटातल्या पुढच्या रांगेतली न घेता बंद खोक्यातली मागा, आणि घरी आणल्यावर अंधारात उभी ठेवा.

प्रश्न : साताऱ्यात घरच्या घरी, फक्त स्वतःपुरती डार्क सेझॉन केली तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते विकायचं असो वा नसो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी करायची मुभा मिळाली, म्हणून तिथले जावई निर्धास्त आहेत. इथं हौस भागवायची तर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत गर्दी नसेल अशा दुपारी जा आणि ब्रुअरशी बोला. बहुतेक जण आनंदानं टाक्या दाखवतात आणि कोणतं मॉल्ट किती टक्के घातलं, तेही सांगतात.