शिवाजी विद्यापीठात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतोय, बायोलॉजी बारावीलाच सुटली. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत संशोधक होता येईल का?

हो, नक्की होता येईल. क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी म्हणजे प्रोटीनसारखे रेणू क्षणात गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्यांची रचना बघण्याचं तंत्र. फिजिक्स ही इथे अडचण नाही, भांडवल आहे. या तंत्रासाठी 2017 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले रिचर्ड हेंडरसन, योआखिम फ्रँक आणि झाक दुबोशे हे तिघेही मुळात फिजिक्सवाले. हेंडरसन यांचंच बघा: एडिंबरात फिजिक्सची पदवी, केंब्रिजला प्रोटीनवर पीएच.डी., 1975 मध्ये नायजेल अनविन यांच्यासोबत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या प्रोटीनचं पहिलं ढोबळ मॉडेल आणि त्याच प्रोटीनची अणूंच्या पातळीवरची रचना थेट 1990 मध्ये. एका प्रोटीनपायी पंधरा वर्षं! इलेक्ट्रॉन टिपणारे नवे डिटेक्टर आल्यावर, म्हणजे साधारण 2013 पासून, काम पुष्कळ वेगात होतं. पण नमुना बनवणं, म्हणजे शुद्ध प्रोटीनचा पातळ थर जाळीवर घेऊन द्रव इथेनमध्ये क्षणात गोठवणं, अजूनही डोकं खातं. फिजिक्सवाले अडतात ते इथेच, त्यामुळे बायोकेमिस्ट्री टाळून चालणार नाही. कोल्हापुरात बसून आत्ता करण्यासारखं:

- फूरिए ट्रान्सफॉर्म (प्रतिमा लहरींमध्ये मोडून बघायचं गणित) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करा.
- मायक्रोस्कोपच्या प्रतिमांवरून त्रिमितीय रचना काढणारं रेलिऑन हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एम्पियार या अशा प्रतिमांच्या ऑनलाइन संग्रहावरच्या खुल्या डेटातला एखादा छोटा संच घेऊन त्यावर चालवून बघा. साध्या लॅपटॉपचा जीव जाईल, विभागातला बरा कॉम्प्युटर मागा.
- पीएच.डी. प्रवेशासाठी नेट किंवा गेट या परीक्षेची तयारी.

मात्र पीएच.डी.साठी गाव सोडावंच लागेल. बंगळुरूच्या एनसीबीएस-इनस्टेम या जीवशास्त्र संशोधन संस्थांच्या परिसरात क्रायो-ईएमची (क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची) राष्ट्रीय सुविधा आहे, सुरुवात तिथल्या प्रयोगशाळांपासून करा.