संघ निवडताना घाई करू नकोस

अमेरिकन फुटबॉलमध्ये कोणत्या संघाचा चाहता व्हायचं, असं विचारतोस ना? यंदा कोण जिंकतंय ते बघून संघ निवडू नकोस. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. सगळ्यांना खेळाडूंवरच्या खर्चाची एकच कमाल मर्यादा असते आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिली निवड तळाच्या संघाला मिळते. त्यामुळे आजचा विजेता चार वर्षांनी तळाला दिसू शकतो. मग तू काय करणार, पुन्हा संघ बदलणार?

राहतोस त्या गावाचा संघ धर. तू क्लीव्हलंडला आहेस, तर ब्राउन्स. होय, ब्राउन्सच! आधी त्यांचा इतिहास वाच. १९९५ मध्ये मालकाने संघ बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. लोक रस्त्यावर उतरले, शहर कोर्टात गेलं. खेळाडू गेले, पण नाव, रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलंडकडेच राहिले, आणि १९९९ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला. तिकडे गेलेल्या संघाने पाच वर्षांतच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा इथल्या लोकांना काय वाटलं असेल! २०१७ मध्ये तर ब्राउन्स सोळाच्या सोळा सामने हरले. तरी इथले लोक टिकले, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या प्रतिस्पर्धी संघाला त्याच्याच मैदानावर ४८-३७ असं हरवल्याचा आनंद त्यांना मिळाला. तो आनंद आयत्या वेळी आलेल्याला कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नियम हळूहळू कळतील. सुरुवातीला चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढंच लक्षात ठेव. आणि स्टीलर्सची जर्सी कितीही आवडली तरी घेऊ नकोस.