गोळी आणि पहिला घास

प्रिय मुली,

थायरॉइडसाठी काय काय सोडलंस, ती तुझी यादी तीनदा वाचली. कोबी बंद, फ्लॉवर बंद, दूध बंद, गहू बंद. आणि तळाशी, जाता जाता लिहावं तसं: ‘थायरॉइडची गोळी सकाळच्या कॉफीबरोबर घेते, म्हणजे विसरत नाही.’ ती ओळ वाचून पोटात कालवलं.

मी चार वर्षं हेच केलं गं. कॉफीच्या घोटाबरोबर गोळी, लगेच वर कॅल्शियमची. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, खाली येईना, डोस वाढत राहिला, कंगव्यात केसांचे पुंजके. आणि दोष कोणाला, तर कोबीला! औषध पोटात जात होतं, रक्तात पुरेसं उतरतच नव्हतं. गोळी कशाबरोबर घेता, हे मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

म्हणून आधी अंतर. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग निदान अर्धा तास, खरं तर तासभर, काही नाही. कॉफीसुद्धा नाही. लोहाची, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घे, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी. पण अंतर हवंच.

कोबी शिजवून खुशाल खा. शिजवल्यावर त्यातली थायरॉइडला अडवणारी द्रव्यं बरीच कमी होतात. सीलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, नसेल तर गहू कशाला सोडतेस? समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मात्र आजच थांबव, त्यांत आयोडीन फार असू शकतं. आयोडीन दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, ते आयोडीनयुक्त मीठ, दूध, अंडी यांतून मिळतं. तुला हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटलीय. जास्तीचं आयोडीन तुझी ग्रंथी आणखी मंदावू शकतं. पोट साफ होत नाही म्हणतेस, तर भाज्या, फळं, डाळी वाढव. पण त्या पहिल्या तासात नाही!

घरचे मला घड्याळाची गुलाम म्हणतात. म्हणोत. उशाशी पाण्याचा पेला, त्याखाली गोळ्यांची पट्टी. तो तास मी कोणासाठी मोडत नाही. माझी ती चार वर्षं कोण परत देणार आहे?

एक मात्र विसरू नकोस. नीट घ्यायला लागलीस की हाच डोस जास्त होऊ शकतो. मला छातीत धडधड सुरू झाली, हात कापायला लागले, तेव्हा कळलं. मग 125 मायक्रोग्रॅमवरून 75 वर आले. तेव्हा वेळ बदलतेयस हे डॉक्टरांना आधी सांग आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असशील तर तपासणीआधी दोन दिवस बंद ठेव, त्याने आकडे चुकतात.

रिपोर्ट आला की मला पाठव.

तुझी,
मावशी