कळतं पण वळत नाही, तेव्हा छोट्या बदलांनी खरंच काही होतं का? आणि सबबी थांबवायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काय करायला हवं ते सगळं माहीत आहे, तरी रोज काहीतरी कारण निघतं आणि गोष्ट उद्यावर जाते, 'छोटे छोटे बदल करा' हे ऐकून कान किटले, त्याने खरंच फरक पडतो का? सबबींचं आधी घेते. तो गुंता थोडा सुटला की छोट्या बदलांचं काय करायचं ते बोलणं सोपं जाईल.

सबब म्हणजे स्वतःशी मारलेली थाप, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. बहुतेक सबबी खऱ्या असतात. वेळ नव्हता, झोप झाली नव्हती, कामाचा डोंगर होता, घरात कुणाला तरी बरं नव्हतं. यातलं काहीच खोटं नसतं आणि म्हणूनच त्या टिकतात. निव्वळ खोटी सबब आपली आपल्यालाच पचत नाही. घोळ होतो तो पुढच्या उडीत. 'आज पाऊण तास मिळणार नाही' हे खरं वाक्य. त्यावरून आपण एका दमात 'म्हणजे आज काही होणार नाही' इथे पोचतो. मधली पाच मिनिटं कुठे गेली हे विचारायला कुणी थांबत नाही.

म्हणून सबबीशी भांडण्यापेक्षा ती लिहून काढा, अगदी ज्या शब्दांत मनात येते त्या शब्दांत. मला मानदुखीसाठी फिजिओथेरपिस्टने काही व्यायाम दिले होते. ते का होत नाहीत हे लिहायला बसले तर यादी अशी निघाली: चटई अंथरावी लागते, कपडे बदलावे लागतात, खोली रिकामी मिळत नाही. तिन्ही कारणं खरी, आणि एकाचाही माझ्या मानेशी संबंध नाही. मग त्यांतला उभ्याने होणारा एकच व्यायाम उचलला आणि दात घासून झाले की तिथेच, आरशासमोर करायचा असं ठरवलं. बाकीचे हळूहळू मागून आले. एक-दोन आलेच नाहीत, त्यांचं मला फारसं दुःख नाही.

हे झालं साध्या, अडचणीच्या सबबींचं. दुसरी जात जास्त चिवट असते, कारण तिच्याखाली भीती असते. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना उत्तरच नसलेली कोडी दिली आणि तरीही 'तुम्ही उत्तम केलंत' असं सांगितलं. नंतर दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं: एक म्हणे कामगिरी सुधारणारं, दुसरं बिघडवणारं. आपण यशस्वी का झालो हेच ज्यांना कळलं नव्हतं, त्या गटातल्या पुरुषांचा कल बिघडवणाऱ्या औषधाकडे होता. (स्त्रियांमध्ये हा कल तितका दिसला नाही, याचा मला उगीचच थोडा आनंद झाला.) मतलब सरळ आहे. पुढच्या वेळी अपयश आलं तर दोष औषधाचा, अब्रू शाबूत. परीक्षेच्या आदल्या रात्री रात्रभर जागणारा, शेवटच्या दिवशी अर्ज भरणारा, 'मनापासून केलं असतं तर सहज जमलं असतं' असं वर्षानुवर्षं म्हणणारा, हे सगळे त्याच कुळातले. तुमची सबब या जातीची असेल तर वेळापत्रकं करून उपयोग नाही. 'हे मी पूर्ण मनाने केलं आणि तरी साधारणच झालं, तर काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहा. बहुधा ते वाटतं तितकं भयंकर नसतं.

चालढकलीवर बरंच काम केलेले फ्यूशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेला मुद्दा इथे जुळतो: चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याचा मामला आहे. काम डोळ्यांसमोर आलं की अस्वस्थ वाटतं, ते बाजूला सारलं की लगेच हलकं वाटतं. तेवढ्या हलकेपणासाठी आपण उद्याच्या स्वतःला कामाला लावतो. मग संध्याकाळी स्वतःला शिव्या घालतो, त्यामुळे ते काम आणखी नकोसं होतं. २०१० च्या एका अभ्यासात असं दिसलं की पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी टंगळमंगळ केली. स्वतःला झोडपून शिस्त लागते असं मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आता छोट्या बदलांकडे. रोज एक टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल, हे गणित तुम्ही ऐकलं असेलच. आकडेमोड बरोबर आहे, माणसाबद्दलचा समज चुकीचा. कुणीही कशातही रोज चक्रवाढीने सुधारत नाही. मध्ये महिनेच्या महिने काही हलत नाही, कधी मागेही जातं. त्या हिशेबाने निघालात तर तिसऱ्या आठवड्यात निराश व्हाल. छोट्या बदलाचा फायदा याहून साधा आहे: तो वाईट दिवशीही होऊ शकतो. आपण ठरवतो ते उत्साहाच्या दिवशी, आणि माप घेतो तेही त्याच दिवसाच्या ताकदीचं. मग नव्याचे नऊ दिवस सरले की ये रे माझ्या मागल्या. तुमच्या सगळ्यांत रद्दी दिवशी, डोकं दुखत असताना, उशिरा घरी आल्यावरही जेवढं होईल तेवढंच ठरवा. एक पान, दोन ओळी, दहा पावलं. लाज वाटण्याइतकं कमी असलं तरी चालेल. चांगल्या दिवशी जास्त करायला कुणी अडवलेलं नाही.

पण 'छोटं' एवढंच पुरत नाही, 'कधी आणि कुठे' हेही ठरलेलं हवं. माझ्या मते इथेच खरा फरक पडतो. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये २४८ जणांवर केलेला अभ्यास बघा. एका गटाने फक्त आपल्या व्यायामाच्या नोंदी ठेवल्या. दुसऱ्याने हृदयविकार आणि व्यायामाचे फायदे यांवरचा प्रेरणा देणारा मजकूर वाचला. तिसऱ्याने तोही वाचला आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहून दिलं. ठरलेल्या आठवड्यात निदान एकदा २० मिनिटं जोरकस व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ९१ टक्के निघाले. हे लोकांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत, शिवाय दरवेळी एवढी तफावत दिसत नाही. पण दिशा इतर अनेक अभ्यासांतही हीच आहे. प्रेरणादायी व्हिडिओंवर तास घालवणाऱ्यांनी त्या ३५ कडे जरा बघावं.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? २१ दिवसांची कथा प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० मधल्या एका निरीक्षणावरून आली. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. 'निदान' हा शब्द पुढे गळून गेला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. त्यात मध्यक (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस, आणि अंदाज १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत पसरलेले. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला वेळ लागला. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा 'काल खंड पडला, आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून' ही सबब निदान पुराव्यापुढे टिकत नाही.

एक सावधगिरी: छोटा बदल हीच मोठी सबब होऊ शकते. नवीन वही, नवीन ॲप, रंगीत तक्ता, 'आधी नीट माहिती घेते'. हे सगळं काम केल्यासारखं वाटतं. ओळखायची खूण अशी की तयारीची पायरी संपली की लगेच दुसरी तयारी सुचते. आणि काही गोष्टी छोट्या तुकड्यांत होतच नाहीत: छळाचं नातं सोडणं, वेळेवर तपासणी करून घेणं. दारूचं व्यसन जडलेलं असेल तर स्वतःच्या मनाने अचानक थांबवणंही धोक्याचं ठरू शकतं, तिथे डॉक्टरच हवेत. तसंच दोन आठवडे किंवा जास्त काळ मन सतत खिन्न असेल, आवडीच्या गोष्टीतही जीव लागत नसेल, तर त्याला आळस म्हणू नका आणि माझ्यासारख्या अनोळखी बाईचे सल्लेही वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

तुमचा नेमका कुठला बदल अडलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन-चार असतील तर सध्या एकच घ्या, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा असायलाही हवा असं नाही. ज्याच्या सबबी सगळ्यांत साध्या, चटई-कपड्यांसारख्या आहेत, तो आधी घ्या. भीतीवाला नंतर.